खुराड्यातील उतरंड

जुळे सोलापुरात आमच्या घराशेजारचा एक प्लॉट बरीच वर्षे मोकळा पडून आहे. त्याच्या कडेला पत्र्याच्या घरात राहणाऱ्या एका आजींकडे नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शेजारची सातवीतली मुलगी वही घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, काळी कोंबडी ठिपकीला रोज टोचते, पण ठिपकी काळीला कधीच टोचत नाही. असे का?" आम्ही विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेली माणसे, परंतु आमचे सारे काम प्रयोगशाळेच्या चार भिंतींत झालेले. उत्तर देता आले नाही. आजींना विचारले, तेव्हा त्या सुपातले दाणे पाखडता पाखडता म्हणाल्या, "काळी थोरली हाय न्हवं. आधी तिचा मान."

आजींचे उत्तर बरोबर होते. ते शास्त्राच्या नियतकालिकात छापून येण्यासाठी मात्र १९२२ साल उजाडावे लागले. आणि ज्याने ते छापले, त्यानेही सुरुवात या मुलीसारखीच, लहान वयात वहीत टिपणे करून केली होती.

माणूस कोंबड्या पाळू लागला त्याला तीन हजार वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. इतक्या दीर्घ सहवासात आपण कोंबडीबद्दल काय शिकलो, हे पाहू गेल्यास गंमत वाटते. सोलापूरपासून फार दूर नसलेल्या कल्याणी येथे, म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजच्या बसवकल्याणला, बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता. त्याने इ.स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. स्वयंपाकापासून हत्तींच्या शिक्षणापर्यंत सारे काही त्यात आहे. श्रीगोंदेकरांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९२५ पासून बडोद्याहून प्रसिद्ध झाली. या ग्रंथाच्या 'विनोद' भागात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांमध्ये कोंबड्यांच्या झुंजीचे स्वतंत्र प्रकरण आहे. झुंजीसाठी कोंबडा पारखायचा तर त्याच्याकडे बारकाईने पाहावे लागते, आणि त्या काळच्या लोकांनी तसे पाहिलेही. पण पाहिला तो झुंजणारा नर. खुराड्यात दिवसभर एकमेकींसोबत राहणाऱ्या माद्यांकडे लक्ष देण्याचे राजाला कारण नव्हते. (अशा झुंजी लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.)

पुढे चार्ल्स डार्विन यांनी कोंबड्यांचा प्रश्न हाती घेतला, तो वंशाच्या अंगाने. १८६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाळीव प्राण्यांवरील ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, सर्व पाळीव कोंबड्यांचा पूर्वज तांबडा रानकोंबडा हाच होय. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहणारे एडवर्ड ब्लिथ यांनी पाठवलेल्या माहितीचा त्यांना मोठा उपयोग झाला. मनुस्मृतीत गावातली कोंबडी खाणे निषिद्ध आणि रानातली चालेल असा भेद केला आहे, याचीही डार्विननी नोंद घेतली. पाळीव व रानटी असे दोन प्रकार तेव्हाच स्पष्ट वेगळे होते, एवढा पुरावा त्यांना त्यातून हवा होता. डार्विन यांचे म्हणणे बहुतांशी खरे ठरले. मात्र २००८ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी दाखवले की, पाळीव कोंबडीच्या कातडीला पिवळा रंग देणारे जनुकाचे रूप तांबड्या रानकोंबड्यातून आलेले नाही. ते राखी रानकोंबड्यातून आले आहे. राखी रानकोंबडा हा केवळ भारतीय द्वीपकल्पात आढळणारा पक्षी, आपल्या सह्याद्रीत पहाटे ज्याचे तुटक आरवणे ऐकू येते तो. तेव्हा आजींच्या कोंबडीचे पिवळे पाय पाहाल, तेव्हा महाबळेश्वर-कोयनेच्या रानाशी तिचे नाते आहे हे ध्यानात असू द्यावे.

वंश कळला. स्वभाव मात्र कळायचाच होता.

थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे याचा जन्म १८९४ मध्ये नॉर्वेची राजधानी क्रिस्तियानिया (आजचे ओस्लो) येथे झाला. आईवडील दोघेही शिल्पकार. सुट्टीत कुटुंब शहराबाहेर राहायला जाई आणि तेथे या मुलाला वयाच्या सहाव्या वर्षापासून कोंबड्यांचे वेड लागले. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याने वही घातली. प्रत्येक कोंबडीला तो वेगळी ओळखत असे. कोणी कोणाला टोच मारली, कोण बाजूला सरकली, हे तो लिहून ठेवी. काही वर्षांच्या नोंदींतून त्याला जे दिसले ते असे: कोणत्याही दोन कोंबड्या घ्या, त्यांतली एक टोचणारी असते व दुसरी टोच खाणारी, आणि एकदा ठरलेले हे नाते सहसा उलटत नाही. सर्व जोड्या एकत्र मांडल्या की एक उतरंड तयार होते. सर्वांत वरची कोणालाही टोचू शकते, तिला कोणी टोचत नाही. सर्वांत खालची सर्वांकडून टोच खाते.

परंतु मुलाच्या वहीत आणखी एक गोष्ट होती, आणि आमच्या मते त्याचे खरे निरीक्षण तेथेच दिसते. उतरंड नेहमी सरळ नसते. कधीकधी काळी ठिपकीला टोचते, ठिपकी पिवळीला टोचते आणि पिवळी मात्र काळीला टोचते, असा त्रिकोण होतो. उतरंड केवळ ताकदीवर ठरत असती, तर असा त्रिकोण होऊच शकला नसता. जिची ताकद सर्वांत जास्त ती सर्वांच्या वर, इतके ते सोपे झाले असते. त्रिकोण आहे याचा अर्थ प्रत्येक कोंबडी समोरच्या कोंबडीला व्यक्ती म्हणून ओळखते. 'हिच्यापुढे मी वरचढ, तिच्यापुढे मी पडते' हे तिच्या ध्यानात असते. पहिल्या भेटीत कोण थकलेली होती, कोण परक्या जागी होती, कोण अंग फुलवून पुढे आली, अशा प्रसंगांवर नाते ठरते आणि मग टिकते.

पुढे १९५३ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस येथे गुल व ऑर्टमन यांनी ही ओळख कशावरून पटते ते तपासले. कोंबडीच्या अंगावरील वेगवेगळ्या भागांचे रूप त्यांनी बदलून पाहिले. शेपटी किंवा पंख बदलले तर सोबतिणींना फारसा फरक पडत नसे. डोके, तुरा व मान यांत बदल केला, तर मात्र तीच कोंबडी परकी समजून तिच्यावर हल्ला होई. आपणही माणूस चेहऱ्यावरूनच ओळखतो.

शेल्डेरुप-एब्बे याचा प्रबंध १९२२ मध्ये जर्मन मानसशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. टोचण्याच्या क्रमासाठी त्याने वापरलेला जर्मन शब्द पुढे इंग्रजीत गेला आणि आता तो कचेऱ्यांतील साहेब-कारकुनांबद्दलही वापरतात. त्याच्या स्वतःच्या देशात मात्र वरिष्ठांशी बिनसल्यामुळे त्याला विद्यापीठात स्थिर जागा कधीच मिळाली नाही. उतरंडीचा शोध लावणाऱ्यावरच हा प्रसंग यावा, हा योग चमत्कारिक खरा. त्या कटुतेचा परिणाम असेल वा नसेल, पण पुढे १९३० च्या दशकात त्याने असे लिहिले की, हुकूमशाही हे साऱ्या सृष्टीचेच मूलतत्त्व आहे. येथे आम्ही त्याच्यापासून वेगळे होतो. खुराड्यातील नोंदी ही एक गोष्ट आणि त्यावरून सृष्टीचा नियम सांगणे ही दुसरी. युरोपात हुकूमशहा प्रबळ होत असताना असे तत्त्वज्ञान लोकांना पटत होते, इतकेच त्यातून कळते. वर्गात हा विषय शिकवताना 'निसर्गात मोठा लहानाला टोचतोच' असे वाक्य कोणी विद्यार्थ्याने उच्चारले, तर त्याला तेथेच थांबवून त्रिकोणाची आठवण करून द्यावी.

शिवाय उतरंडीचा उपयोग टोचण्यासाठी कमी, न टोचण्यासाठी जास्त होतो. १९४४ मध्ये गुल व ॲली यांनी कोंबड्यांचे कळप दोन प्रकारे ठेवले. काही कळपांत त्याच त्या कोंबड्या कायम राहिल्या. काहींत वारंवार एक जुनी कोंबडी काढून तिच्या जागी नवी सोडली जाई. कायम राहिलेल्या कळपांत टोचाटोची कमी झाली, कोंबड्यांनी जास्त खाल्ले, त्यांचे वजन चांगले राहिले आणि अंडीही अधिक मिळाली. सतत बदलणाऱ्या कळपात बिचाऱ्यांचा दिवस ओळख ठरवण्यातच जाई. वर्गातील तुकड्या दरवर्षी मोडून नव्याने बनवणाऱ्या शाळांना हे सांगावेसे वाटते, पण कोंबडीवरून माणसाकडे उडी मारू नये असे आम्हीच आताच म्हटले आहे.

कोंबडीला केवळ स्वतःची भांडणे आठवतात असेही नाही. १९९६ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे झालेल्या प्रयोगात कोंबडीला तिची वरचढ सोबतीण एका परक्या कोंबडीकडून हरताना पाहू दिले. नंतर त्या परकीशी गाठ घातली, तेव्हा पाहणारी कोंबडी तिच्या वाटेला गेली नाही. 'जी मला हरवते तिला हिने हरवले' एवढ्यावरून तिने आपली जागा ओळखली. उलट, वरचढ सोबतीणच परकीला हरवताना दिसली असेल, तर मात्र ती परकीला आव्हान देई.

आता कोंबड्याकडे वळू. पहाटे आरवणारा कोंबडा आपल्या भाषेत फार जुना आहे. कोंबडे झाकून ठेवले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. म्हणीतील विधान खगोलशास्त्रदृष्ट्या अचूक आहे. पण तिची दुसरी बाजू कोणी तपासली नव्हती: तांबडेच झाकून ठेवले तर कोंबडा आरवतो का? जपानमधील नागोया विद्यापीठात शिम्मुरा व योशिमुरा यांनी २०१३ मध्ये हेच केले. कोंबड्यांना रात्रंदिवस एकसारख्या मंद उजेडात ठेवले. सूर्य नाही, पहाट नाही, तरी कोंबडे जवळजवळ ठरल्या वेळी आरवत राहिले. हे चक्र २४ तासांपेक्षा किंचित कमी होते आणि काही दिवसांनी ते विरत गेले. म्हणजे कोंबड्याच्या शरीरात स्वतःचे घड्याळ आहे, आणि बाहेरचा उजेड ते घड्याळ रोज लावून देतो.

दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदली. एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांमध्ये उतरंडीत सर्वांत वरचा कोंबडा रोज पहिला आरवतो. त्यानंतर दुसरा, मग तिसरा, अशा मानाने इतर आरवतात. घड्याळ प्रत्येकाकडे आहे, पण खालचे थांबतात. वरचा कोंबडा काढून नेला, की दुसऱ्या दिवसापासून पहिली बांग दुसऱ्याची. आजींकडे एकच कोंबडा असल्यामुळे आम्हाला हे पडताळता आलेले नाही.

त्याचे इतर आवाजही निरर्थक नाहीत. पीटर मार्लर, ख्रिस इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० व ९० च्या दशकांत अमेरिकेत केलेल्या कामातून दिसले की, आकाशात ससाणा वा घार दिसली तर कोंबडा एक प्रकारचा आवाज काढतो आणि जमिनीवरून शत्रू आला तर दुसऱ्या प्रकारचा. केवळ ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला तरी कोंबड्यांना अर्थ कळतो. पहिल्याला त्या आडोशाला पळून दबून बसतात व वर पाहतात. दुसऱ्याला मान ताठ करून सावध उभ्या राहतात. विशेष म्हणजे जवळ कोणी कोंबडी असेल तर कोंबडा घारीची सूचना अधिक वेळा देतो, एकटा असताना कमी. दाणा सापडल्यावर 'कुक-कुक' करून कोंबडीला बोलावणारा कोंबडा आपण पाहिला असेल. कोंबडी दूर असेल, तर हा गृहस्थ खाण्याजोगे काही नसतानाही तोच आवाज काढताना आढळला आहे. मार्लर यांच्या गटाने १९८८ मध्ये याचे वर्णन करताना फसवणूक हा शब्द वापरला. त्यामागे हेतू होता की नाही यावर अजून वाद घालता येईल.

शिक्षकांना सर्वांत जवळची वाटावी अशी हकिगत मात्र खुडूक कोंबडीची आहे. रवणीला बसलेली कोंबडी अंड्यातल्या पिल्लांशी ती बाहेर येण्याआधीपासूनच आवाजाने बोलत असते. पिल्ले चालू लागली की ती जमीन उकरते, दाणा चोचीत उचलते, टाकते, पुन्हा उचलते आणि बोलावत राहते. हे आपोआप, यंत्रासारखे होते असे पूर्वी मानत. १९९६ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील क्रिस्टीन निकोल व पोप यांनी एक साधा प्रयोग केला. कोंबड्यांना प्रथम दोन रंगांचे खाद्य दिले. एका रंगाचे चवदार, दुसऱ्या रंगाचे बेचव. कोणता रंग टाळायचा हे कोंबड्या शिकल्या. नंतर त्यांना आपली पिल्ले खाताना पाहू दिले. पिल्लांपुढील खाद्य प्रत्यक्षात चांगलेच होते. पण त्याचा रंग आईच्या अनुभवानुसार 'वाईट' असला, की ती अधिक जोराने उकरू लागे आणि अधिक वेळा चोच मारून दाखवी. पिल्ले 'बरोबर' रंगाचे खात असली तर ती तेवढा खटाटोप करीत नसे. विद्यार्थी चुकतो आहे असे वाटले की शिकवण्याचा जोर वाढवणे, याला दुसरे काय म्हणावे? शिक्षिकेचीच माहिती चुकीची होती हा भागही आमच्या व्यवसायबंधूंना ओळखीचा वाटेल.

आणि पिल्लांच्या डोक्यातही काही कमी चाललेले नसते. इटलीतील रुगानी, रेगोलिन व वालोर्तिगारा यांनी २००९ मध्ये अवघ्या काही दिवसांच्या पिल्लांना पाच एकसारख्या प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या सहवासात वाढवले. पिल्ले त्यांना सोबती समजू लागली. मग त्या वस्तू दोन पडद्यांमागे लपवल्या व पिल्लांदेखत काही एका पडद्यामागून दुसऱ्यामागे नेल्या. अखेर जास्त वस्तू जेथे असतील त्या पडद्याकडे पिल्ले बहुधा गेली. अशी बेरीज-वजाबाकी करणाऱ्या त्या पिल्लांनी तोवर फार तर एक आठवडाही पाहिलेला नव्हता.

हे सारे ज्ञान लहान कळपांतून मिळाले, याकडे लक्ष द्यायला हवे. नऊ कोंबड्यांत ३६ जोड्या होतात. तेवढी नाती कोंबडीच्या आणि सातवीतल्या मुलीच्याही आवाक्यातली आहेत. १२० कोंबड्यांत जोड्या होतात ७,१४०. तेव्हा काय होत असेल? डी'ॲथ व कीलिंग यांनी २००३ मध्ये १० च्या आणि १२० च्या कळपांची तुलना केली. आमची अपेक्षा मोठ्या कळपात जास्त भांडणे अशी होती. झाले उलटच. मोठ्या कळपातील कोंबड्या एकमेकींना ओळखण्याचा नाद सोडून देतात, ओळखीच्या आणि परकीत फरक करीत नाहीत, आणि टोचतातही कमी. मुंबईच्या लोकलमध्ये आपण जसे वागतो तसे, असे म्हणण्याचा मोह होतो.

मग पोल्ट्रीच्या शेडमध्ये कोंबड्या एकमेकींची पिसे उपटून रक्त काढतात, ते काय? ते उतरंडीचे टोचणे नव्हे. उतरंडीची टोच डोक्यावर बसते आणि क्षणात संपते. पिसे उपटणे हे वेगळे वर्तन असून, हॉलंडमधील ब्लोखुइस यांनी १९८६ मध्ये त्याचा संबंध जमीन टोचण्या-उकरण्याशी जोडला. कोंबडी दिवसाचा मोठा भाग उकिरडा उकरण्यात घालवते. तारेच्या पिंजऱ्यात उकरायला काही नसते, म्हणून ती चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. त्यावर उपाय म्हणून पिल्लांच्या चोचीचे टोक कापतात. पोल्ट्रीवाले त्याला डिबिकिंग म्हणतात. खुडूक होणे तर अंड्यांसाठी निवडलेल्या या जातींतून पैदाशीनेच जवळजवळ घालवले आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी देणे थांबवते. ब्रिस्टलच्या प्रयोगातली शिक्षिका त्या शेडमध्ये सापडायची नाही.

पिंजऱ्याचा प्रश्न सोडवताना शहाण्या माणसांचीही फसगत झाली आहे. १९६५ मध्ये ब्रिटनमधील ब्रँबेल समितीने पिंजऱ्याच्या तळाला बारीक षट्कोनी जाळी वापरू नये, ती पायांना त्रासदायक असणार, अशी शिफारस केली. १९७३ मध्ये ह्यूज व ब्लॅक यांनी कोंबड्यांनाच निवड करू दिली. त्यांनी नेमकी ती बारीक जाळी पसंत केली! पायाला तिचा आधार जास्त ठिकाणी मिळत होता. कोंबडीला काय हवे ते कोंबडीला विचारून ठरवावे, ही पद्धत तेव्हापासून रुळली. तशाच प्रयोगांत कोंबड्यांनी अंडे घालण्यासाठी आडोसा आणि उकरण्यासाठी माती पुन्हा पुन्हा निवडली. युरोपीय संघाने जुन्या पद्धतीचे उघडे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. आपल्याकडे विधी आयोगाने जुलै २०१७ मधील २६९ व्या अहवालात अंड्यांच्या व मांसाच्या कोंबड्यांच्या निवाऱ्याचा विचार केला आहे. पिंजरे मात्र आपल्याकडे आजही सर्रास आहेत.

शेजारच्या मुलीला आम्ही नऊ ओळी व नऊ रकान्यांचा तक्ता आखून दिला. ओळीत टोचणारी, रकान्यात टोच खाणारी. सकाळी आजी दाणे टाकतात ती वीस मिनिटे ती पायरीवर बसून खुणा करते. तीन आठवड्यांत ३६ पैकी ३१ जोड्यांचा निकाल लागला. उरलेल्या पाच जोड्यांनी तिच्यासमोर एकमेकींना एकदाही टोचले नाही. एक त्रिकोणही सापडला, आणि तो चूक समजून ती खोडणार होती. ठिपकी सर्वांत खाली होती.

मग आजींनी मंगळवारच्या बाजारातून एक तांबडी तलंग आणली. तक्ता वाढवावा लागला. नऊ नव्या जोड्या. दोन दिवस तांबडी भिंतीशी अंग चोरून उभी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी एक कोंबडी दाणे सोडून चालत तिच्यापर्यंत गेली आणि तिच्या डोक्यावर टोच मारून परत आली. ती ठिपकी होती. तिच्या ओळीतली ती पहिलीच खूण.